वक्फ करणाऱ्याच्या मनात काय असते?

गेली काही वर्षे वक्फ हा शब्द आपल्या देशात जितका बोलला गेला तितका पूर्वी क्वचितच बोलला गेला असेल. मंडळे किती, जमिनी किती, त्यांवर कोणाचे अतिक्रमण, कोणत्या न्यायालयात कोणता दावा, याची चर्चा चावडीपासून संसदेपर्यंत झाली. परंतु या सर्व गदारोळात एक साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. ज्या माणसाने आपल्या कमाईचे घर, दुकान, मळा किंवा रोख रक्कम कायमची देऊन टाकली, त्याने ती का दिली? विकून चैन न करता, परक्या गरिबाच्या मुखी घास पडावा म्हणून मिळकत जन्माची बांधून ठेवण्याची बुद्धी त्यास कशाने झाली? देणाऱ्याचे मन ओळखल्यावाचून देणगीची व्यवस्था सुधारू पाहणे म्हणजे रोग्याशी न बोलता त्यास औषध देणे होय. यास्तव याच प्रश्नाचा विचार आज करण्याचे आम्ही योजिले आहे.

ज्या वाचकांस या संस्थेची माहिती नाही त्यांच्याकरिता आरंभी दोन शब्द. वक्फ म्हणजे थांबवून ठेवणे. व्यापाऱ्यांच्या भाषेत सांगावयाचे तर मुद्दल कायमचे राखावयाचे आणि उत्पन्न तेवढे सत्कार्यी खर्चावयाचे. एकदा वक्फ झालेली मिळकत विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, वारसांत वाटली जात नाही. ती ईश्वराची झाली असे समजतात. देणाऱ्यास वाकिफ म्हणतात. त्याच्या इच्छेचा कागद तो वक्फनामा, आणि ती इच्छा पार पाडणारा तो मुतवल्ली. जकात याहून निराळी. ते धर्माने लावून दिलेले देणे आहे. ठरावीक मर्यादेहून अधिक रोकड वा सोनेरुपे वर्षभर बाळगणाऱ्याने शेकडा अडीच या दराने ते दिलेच पाहिजे. वक्फाची सक्ती कोणावरही नाही. म्हणूनच त्याच्या मुळाशी हेतू कोणता हे पाहणे अगत्याचे आहे.

पहिला हेतू अर्थातच परलोकाचा. मनुष्य मेला की त्याच्या कर्मांचा हिशेब बंद होतो, परंतु तीन गोष्टींचे पुण्य त्याच्या खात्यावर पुढेही जमा होत राहते, अशी पैगंबरांची शिकवण मुसलमानांत लहानथोरांस ठाऊक आहे. मागे ठेवलेली उपयुक्त विद्या, बापासाठी प्रार्थना करणारे सदाचारी अपत्य, आणि वाहते दान, ज्यास ते सदका-ए-जारिया म्हणतात, या त्या तीन गोष्टी. एक वेळ घातलेले जेवण संध्याकाळी संपते. खोदलेली विहीर मात्र खोदणाऱ्याच्या मागे शंभर वर्षे पाणी देते, आणि प्रत्येक घागरीबरोबर त्याच्या नावे काहीतरी जमा होते. ज्याने आयुष्यभर वही लिहिली त्या व्यापाऱ्यास ही कल्पना किती जवळची वाटत असेल हे आमच्या पेठेतील वाचकांस सांगावयास नको. आपल्या शास्त्रांनीही यज्ञयागादि इष्ट कर्मांच्या शेजारी विहिरी, तळी, धर्मशाळा यांचे पूर्त बसविले आहे, ते याच जाणिवेने.

या शिकवणीस जुन्या कथांचे पाठबळ आहे. मदिनेत रूमा नावाची गोड्या पाण्याची विहीर होती आणि तिचा मालक पाणी विकत असे. पुढे खलिफा झालेले उस्मान यांनी ती विकत घेऊन सर्वांस मोकळी केली. अबू तलहा यांस मशिदीसमोरची आपली खजुरांची बाग सर्वांत प्रिय होती. जे प्रिय आहे तेच दिल्यावाचून खरे पुण्य लाभत नाही, अशा अर्थाचे वचन कुराणात अवतरले तेव्हा त्यांनी नेमकी तीच बाग पुढे केली. पैगंबरांनी ती त्यांच्याच नातलगांत वाटण्यास सांगितले. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे. खैबर येथे उमर यांच्या वाट्यास उत्तम जमीन आली. तिचे काय करावे असे त्यांनी विचारले असता मूळ राखून फळ दान करावे असा सल्ला त्यांस मिळाला. ते फळ गरीब, नातलग, गुलामांची सुटका, वाटसरू आणि पाहुणे यांच्यासाठी ठरले. याच व्यवस्थेत असेही एक कलम होते की, जमीन सांभाळणाराने रीतीप्रमाणे पोटापुरते खाण्यास हरकत नाही, मात्र त्यातून धनसंचय करू नये. आमच्या काळच्या कित्येक मुतवल्लींनी या कलमाचा पूर्वार्ध तेवढा पाठ केला आहे असे दिसते.

परंतु केवळ परलोकाच्या हिशेबाने एवढी मोठी संस्था तेराशे वर्षे टिकली असेल असे आम्हांस वाटत नाही. दुसऱ्याचे दुःख डोळ्यांनी पाहणे हीही एक प्रेरणा आहे, व तिच्या खुणा वक्फनाम्यांच्या तपशिलांत सापडतात. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता १३२६ साली दमास्कसला गेला तेव्हा तेथील वक्फांचे नाना प्रकार पाहून तो चकित झाला. ज्यांस हज करण्याची ऐपत नाही त्यांच्या वतीने यात्रा करणाऱ्यांसाठी, गरीब मुलींच्या लग्नातील साजासाठी, कैद्यांच्या सुटकेसाठी, वाटसरूंच्या अन्नवस्त्रासाठी आणि रस्त्यांच्या फरसबंदीसाठीसुद्धा तेथे मिळकती बांधलेल्या होत्या. एके दिवशी त्याने गल्लीत एका लहान गुलाम मुलास पाहिले. त्याच्या हातून चिनी मातीची थाळी पडून फुटली होती आणि आता धनी मारील म्हणून तो गोंधळून गेला होता. जमलेल्या लोकांपैकी एकाने त्यास खापऱ्या गोळा करून भांड्यांच्या वक्फाच्या व्यवस्थापकाकडे नेले, आणि तेथे त्यास तशीच थाळी घेण्याइतके पैसे मिळाले. असला वक्फ करणाऱ्याने कधीतरी एखाद्या नोकराच्या पाठीवर वळ पाहिले असतील, अथवा स्वतःच्या हाताने उठविले असतील. शास्त्र दान करा एवढेच सांगते. फुटलेल्या भांड्यासाठी करा असे कोणतेही शास्त्र सांगत नाही. ते ज्याचे त्यास सुचते.

कैरोचा सुलतान कलावून याची हकीकत अशीच. राजा होण्यापूर्वी तो सिरियात आजारी पडला असता नूरुद्दीन याने दमास्कस येथे स्थापिलेल्या रुग्णालयातील औषधांनी बरा झाला, आणि राज्य मिळाल्यास असेच रुग्णालय बांधीन असा त्याने नवस केला, असे इतिहासकार सांगतात. १२८४ च्या सुमारास त्याने तो फेडला. त्या रुग्णालयात स्त्रीपुरुष, धनी-निर्धन सर्वांस मोफत उपचार मिळत, आणि त्याच्या खर्चासाठी दुकाने व घरे वक्फ केलेली होती. ते बांधताना लोकांस वेठीस धरले गेले, व त्यामुळे काही धर्मशास्त्र्यांनी तेथे नमाज पढण्यास हरकत घेतली, हेही त्याच इतिहासकारांनी नमूद केले आहे. मोठ्या देणग्यांच्या मागचा पैसा नेहमीच गंगाजळाचा नसतो. त्याकरिता रुग्णालय पाडावे असे मात्र तेव्हाही कोणी म्हटले नाही.

आता जो हेतू सांगावयाचा तो ऐकून काही श्रद्धाळू वाचक नाक मुरडतील. पुष्कळ लोकांनी वक्फ केला तो आपल्या पोराबाळांसाठी. कैरोतील मामलुक सरदारांस मिळालेली जहागीर त्यांच्या मुलांकडे जात नसे, आणि साठविलेली दौलत सुलतानाची मर्जी फिरताच जप्त होण्याची धास्ती असे. तेव्हा मशीद, मदरसा किंवा पाणपोई बांधावी, तिला भरपूर मिळकत जोडावी, आणि खर्च भागून उरेल ते उत्पन्न आपल्या मुलांस मिळावे व व्यवस्थाही त्यांच्याकडे राहावी असा लेख करून ठेवावा, हा मार्ग त्यांनी काढला. ईश्वराच्या मिळकतीस हात घालण्यास जुलमी राजाही कचरत असे. शिवाय वारसाहक्काच्या नियमांनी मिळकतीचे तुकडे होतात, ते टाळण्याचाही हा उपाय होता.

आपल्या देशात या कौटुंबिक वक्फांवर मोठा वाद झाला. १८९४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने असा निवाडा दिला की, ज्या वक्फात गरिबांचा हक्क नाममात्र व दूरचा आहे आणि खरा लाभ घराण्याचा आहे, तो धर्मादाय नव्हेच. इंग्रज न्यायाधीशांच्या दृष्टीने घरच्यांस देणे हे दान होऊच शकत नव्हते. कलकत्त्याचे न्यायमूर्ती अमीर अली यांनी त्यापूर्वीच एका खटल्यात आपले भिन्न मत नोंदविले होते. त्यांचे म्हणणे असे की, इस्लामी शास्त्रात नातलगांच्या निर्वाहाची तरतूद करणे हेही दानच आहे. अबू तलहांची बाग आठवा. पुढे बॅ. जिना यांनी मांडलेल्या विधेयकावरून १९१३ साली कायदा होऊन असे वक्फ वैध ठरले, आणि १९३० साली त्याचा लाभ पूर्वीच्या वक्फांसही मिळाला.

या वादात आमचे मत असे की, दोन्ही बाजूंत अर्धे सत्य होते. कुटुंबावरील प्रेमाने जर एखादी मिळकत शेवटी गरिबांच्या कामी येणार असेल तर त्या प्रेमास दोष देण्याचे कारण नाही. हेतूंची अशी भेसळ कोणत्या धर्माच्या दानात नाही? परंतु याच वाटेने एक अन्यायही शिरला. शरीयतीने मुलीस बापाच्या मिळकतीत ठरावीक वाटा दिला आहे. मिळकत दुसऱ्या घरी जाऊ नये म्हणून कित्येक बापांनी सारे घरदार मुलग्यांच्या नावे वक्फ केले आणि ईश्वराचे नाव पुढे करून ईश्वरानेच दिलेला वाटा मुलीच्या हातून काढून घेतला. २०२५ च्या दुरुस्ती कायद्यात, कौटुंबिक वक्फामुळे स्त्रियांसह कोणत्याही वारसाचा हक्क बुडता कामा नये, असे कलम घातले गेले. त्या कायद्यातील इतर गोष्टींविषयी मतभेद असतील, आमचेही काही आहेत. पण हे एक कलम मुसलमान समाजातील सुधारकांनी मागून घ्यावे अशा योग्यतेचे आहे.

स्त्रियांचा विषय निघाला म्हणून सांगतो की, वक्फ करणारांत त्यांची संख्या मुळीच थोडी नाही. विवाहित स्त्रीची मिळकत नवऱ्याची होत नाही, तिचीच राहते, हा नियम इस्लामात प्रारंभापासून असल्यामुळे तिच्याजवळ देण्यासारखे काही असे. इस्तंबूलच्या १५४६ सालच्या वक्फनोंदींत देणारांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक स्त्रिया आहेत. सुलेमान बादशहाची बेगम हुर्रेम हिने त्याच शतकात जेरुसलेम येथे उघडलेल्या अन्नछत्रातून गोरगरिबांस मिळणारे शिजवलेले अन्न आमच्या काळापर्यंत चालू राहिले आहे. जिला राजकारणात उघड जागा नव्हती तिला आपले नाव दगडावर कोरून ठेवण्याची ही एक वाट मोकळी होती. कीर्तीची इच्छा हाही हेतूच होय. तो आम्हांस फारसा निंद्य वाटत नाही; मात्र पाटी मोठी आणि नळ कोरडा अशी स्थिती नसली म्हणजे झाले.

येथवर देणाऱ्याच्या मनात काय असते ते पाहिले. पण ही सारी प्रेरणा एका गोष्टीवाचून लुळी पडते. ती गोष्ट म्हणजे विश्वास. दिलेला पैसा दिल्या कामी लागेल अशी खात्री नसेल तर परलोकाची आशाही खिशातून हात बाहेर काढू देत नाही. बंगालमधील हुगळीच्या हाजी महंमद मोहसीन यांची कथा या दृष्टीने फार बोधक आहे. १८०३ साली त्यांची सावत्र बहीण मन्नूजान खानम वारली व तिची विस्तीर्ण इस्टेट त्यांस मिळाली. ते स्वतः फकिरी वृत्तीचे, बायकामुले नाहीत. १८०६ साली त्यांनी सारे वक्फ करून उत्पन्नाचे नऊ वाटे पाडले. तीन वाटे धर्मकृत्यांस, चार वाटे पेन्शने, वेतने व दानधर्मास, आणि दोन वाटे दोघां मुतवल्लींच्या मेहनतान्यास. १८१२ साली ते वारले. नऊपैकी दोन वाटे म्हणजे काही थोडा मेहनताना नव्हे! तरीही मुतवल्लींनी अफरातफर केली, सरकारने व्यवस्था ताब्यात घेतली, आणि वर्षानुवर्षे खटला चालला. त्या काळात साचलेल्या रकमेतून १८३६ साली हुगळीचे कॉलेज निघाले. कॉलेज उत्तम चालले. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय तेथेच शिकले. पण विद्यार्थी बहुतेक हिंदू आणि पैसा मुसलमानाच्या वक्फाचा, ही तक्रार वाढत गेली, आणि १८७३ साली सरकारने हा निधी मुसलमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणाकडे वळविला. न्यायमूर्ती अमीर अली हेही हुगळीच्याच विद्येत वाढलेले. एका निःसंग माणसाच्या दानाने दोन्ही समाजांची मुले शहाणी झाली, ही गोष्ट आनंदाचीच. परंतु खुद्द त्याच्या नेमलेल्या विश्वस्तांनी त्याचा विश्वासघात केला, आणि नंतर सरकारने त्याच्या कागदाबाहेर जाऊन पैसा खर्चिला, हे पाहून त्या काळच्या बंगालमधील किती धनिकांनी काढलेली लेखणी परत दौतीत ठेवली असेल, याचा हिशेब कोणत्या दप्तरात मिळावा?

तेच दुखणे आज मोठ्या प्रमाणावर आहे. २००६ साली न्यायमूर्ती सच्चर यांच्या समितीने अहवाल दिला तेव्हा देशात सुमारे ४.९ लाख वक्फांची नोंद होती, जमीन सुमारे ६ लाख एकर होती, आणि मिळकतींची बाजारभावाने किंमत १.२ लाख कोटी रुपये असावी असा अंदाज होता. उत्पन्न किती? सालीना सुमारे १६३ कोटी. म्हणजे शंभर रुपयांच्या मिळकतीवर जुन्या हिशेबाने दोन आण्यांहून किंचित अधिक. शेकडा दहा सुटले तर वर्षास १२ हजार कोटी मिळतील, असे समितीने म्हटले. इतक्या पैशांत किती शाळा, किती वसतिगृहे, किती दवाखाने उभे राहिले असते याचा हिशेब वाचकांनीच करावा. ज्या गावच्या मुसलमानास भर चौकातली वक्फाची जागा पडीक दिसते, किंवा तिच्यावर मुतवल्लीच्या मेव्हण्याचा बंगला दिसतो, त्याने आपले दुकान वक्फ करावे तरी कशाच्या भरवशावर? तो जकात देईल, कारण ती द्यावीच लागते. ईदेला फितरा देईल. दारी आलेल्या विधवेच्या हातावर नोट ठेवील, कारण ती विधवा त्यास डोळ्यांनी दिसते. मुसलमानांत धर्मबुद्धी कमी झाली असे जे काही वृद्ध मौलवी म्हणतात ते आम्हांस पटत नाही. धर्मबुद्धी आहे तेथेच आहे. पेटीवर विश्वास राहिलेला नाही.

इतर देशांत हे ओळखून उपाय झाले आहेत. रोख रकमेचा वक्फ ही कल्पना जुनीच. सोळाव्या शतकात तुर्कस्तानात तिच्यावर पंडितांत जोराचा वाद झाला, कारण पैसा व्याजी लावल्यावाचून त्याचे उत्पन्न कसे येणार, असा विरोधकांचा सवाल होता. शेख-उल-इस्लाम अबुस्सऊद यांनी तिच्या बाजूने कौल दिला. इंडोनेशियाने २००४ च्या कायद्याने रोख वक्फास मान्यता देऊन देशभर एक वक्फसंस्था स्थापिली. तेव्हापासून जमीनजुमला नसलेला कारकून किंवा शिक्षिकाही थोडक्या रकमेने वाकिफ होऊ शकते. अमीरउमरावांचे पुण्य सामान्यांच्या आवाक्यात आले, हा आमच्या मते या सुधारणेचा खरा लाभ. पण तेथेही लहान देणारा आधी हेच विचारतो की, माझ्या पैशाचे काय झाले ते मला कळेल काय?

आपल्या कायद्याविषयी एक उल्लेख राहिला. निदान पाच वर्षे इस्लामाचे आचरण करीत असल्याचे दाखवील त्यासच वक्फ करता यावा, अशी अट २०२५ च्या दुरुस्तीने घातली; सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ रोजी, आचरण ठरविण्याचे नियम होईपर्यंत तिला तात्पुरती स्थगिती दिली. कोणाची श्रद्धा किती वर्षांची हे मोजण्याचे माप कोणत्या कचेरीत ठेवणार, हे आम्हांस समजत नाही. सरकारास पाहावयाचेच असेल तर घेणाऱ्याची वही पाहावी, देणाऱ्याचे मन नव्हे.

आमच्या महाराष्ट्रात औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील पाणचक्की बहुतेक वाचकांनी पाहिली असेल. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी जमिनीखालील नळांनी आणून त्याच्या जोरावर फिरणारे हे जाते दर्ग्यात राहणारे फकीर, विद्यार्थी आणि येणारे यात्रेकरू यांचे धान्य दळण्यासाठी बसविले होते. त्याच आवारात राज्याच्या वक्फ मंडळाचे कार्यालय राहिले आहे. तेथील अधिकाऱ्यांस व गावोगावच्या मुतवल्लींस आमची सूचना इतकीच की, प्रत्येक वक्फाचा वार्षिक जमाखर्च मराठीत व उर्दूत छापून त्या त्या मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या दरवाजावर लावावा. त्यात मिळकत कोणती, भाडेकरू कोण, भाडे किती, थकबाकी किती आणि मुतवल्लीने स्वतः किती घेतले, एवढे पाच रकाने असले तरी पुरे. शुक्रवारच्या नमाजानंतर जे लोक तो कागद वाचतील त्यांतूनच उद्याचे वाकिफ निघतील.

आणि दुसरी सूचना आमच्याच वाचकांस आहे. वक्फाच्या जागा कवडीमोल भाड्याने दिल्या गेल्या आहेत अशी ओरड सर्वत्र आहे, व सच्चर समितीनेही ती नोंदविली आहे. त्या जागा घेणारे सगळे काही मुसलमान नाहीत, आणि सगळे काही गुंड नाहीत. त्यांत सरकारी खाती आहेत, आणि भाडेनियंत्रणाच्या आश्रयाने आजोबांच्या वेळचे भाडे भरून हातातील जागेवर लाखोंची पागडी मोजून घेणारे प्रतिष्ठित दुकानदारही आहेत. कोण्या एका मृत गृहस्थाने यतीम मुलांच्या जेवणासाठी ठेवलेल्या गाळ्यात बसून आपण देवळाच्या जीर्णोद्धारास वा मशिदीच्या मिनारास हजारांची वर्गणी लिहितो, तेव्हा त्या वर्गणीत कोणाचा पैसा किती, हे कायदा विचारीत नाही. तरी ज्या ज्या पेढीवर हा अंक सकाळी उघडला जाईल, त्या पेढीच्या मालकाने आपण बसतो ती जागा कोणाची, तिचे भाडे कोणत्या साली ठरले, आणि शेजारच्या गाळ्याचे भाडे आज काय आहे, हे आजच आपल्या मुनिमाकडून काढून घ्यावे.